क्यूजीआयएसचं एकच प्लगइन ३.१६ पासून ४ पर्यंत चालतं कसं ठेवायचं

पुण्यात क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) वापरणारी सगळी माणसं एकाच व्हर्जनवर आहेत असं कधीच होत नाही. पेठेतल्या एखाद्या सर्व्हेवाल्याच्या ऑफिसात अजून विंडोज ७ चा पीसी असतो आणि त्यावर ३.१६ असतं, कारण पुढचं त्या मशीनवर चढतच नाही (३.२० पासून विंडोजसाठी फक्त ६४-बिट इन्स्टॉलर येतात आणि त्यातलं पायथन ३.९ विंडोज ७ ला चालत नाही). कन्सल्टन्सीत आयटीवाल्यांनी दोन वर्षांपूर्वी जे टाकून दिलं तेच चालू असतं, आणि जिओइन्फर्मॅटिक्स शिकणाऱ्या पोरापोरींच्या लॅपटॉपवर कालच आलेलं सगळ्यात नवीन. प्लगइन, म्हणजे त्याला जोडायचा तुमचा छोटा प्रोग्राम, मात्र एकच, आणि तिघांनाही ते उद्या सकाळी चालायला हवंय. नवीन व्हर्जन वापरा म्हणून सांगणं सोपं आहे, पण ज्याच्याकडे दुसरं मशीनच नाही त्याला ते सांगून काय उपयोग? म्हणून हे कसं जमवायचं ते सविस्तर लिहितोय.

उदाहरणाला एक साधं प्लगइन धरू. नकाशावर गटाचा पॉलिगॉन सिलेक्ट केला की त्याचं क्षेत्रफळ सातबाऱ्यावर असतं तसं हेक्टर-आर-चौरस मीटर आणि शिवाय गुंठ्यात दाखवायचं, आणि हवं तर लेयरमध्ये कॉलम टाकून तिथे लिहायचं. एवढंच.

कुठली व्हर्जन धरायची ते आधी ठरवा

क्यूजीआयएसचं नवीन व्हर्जन साधारण दर चार महिन्यांनी येतं आणि वर्षातून एक एलटीआर म्हणजे लाँग टर्म रिलीज ठरतं, ज्याला वर्षभर दुरुस्त्या मिळत राहतात. ३.१६ ऑक्टोबर २०२० चं, ३.२२ ऑक्टोबर २०२१, ३.२८ ऑक्टोबर २०२२, ३.३४ ऑक्टोबर २०२३, ३.४० ऑक्टोबर २०२४. माझं मत स्पष्ट आहे, फक्त एलटीआर आणि आत्ताचं सगळ्यात नवीन एवढीच यादी धरा, मधली चालली तर चालली, त्यांच्यावर टेस्ट करत बसू नका कारण ऑफिसातला माणूस शक्यतो एलटीआरवरच असतो.

पण यादी घरबसल्या ठरवू नका. जे लोक तुमचं प्लगइन वापरतात त्यांना विचारा, हेल्प मेनूत अबाउट उघडायला सांगा, तिथे क्यूजीआयएस, क्यूटी (खिडक्या-बटणं बनवणारी लायब्ररी), पायथन सगळ्यांचे आकडे दिसतात, त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा म्हणा. पाच-सहा जणांचे फोटो आले की खरं चित्र कळतं.

आणि कोणी अजून २.१८ वर असेल तर त्याच्यासाठी मुख्य कोडमध्ये जागा करू नका. फेब्रुवारी २०१८ मध्ये ३.० आलं तेव्हा पायथन २ चं ३ झालं आणि क्यूटी ४ चं ५, दोन्ही एकदम, ती दरी एका कोडमध्ये सांधत बसण्यात अर्थ नाही. जुनी ब्रँच गोठवून ठेवा आणि तिची झिप देऊन टाका.

काम जुन्यावर, तपासणी नव्यावर

बहुतेक जण नेमकं उलटं करतात. आपल्या मशीनवर सगळ्यात नवीन व्हर्जन असतं, त्यावर लिहितात, मग जुन्यावर का चालत नाही म्हणून शोधत बसतात. क्यूजीआयएसचा नियम असा की एका मुख्य आकड्याच्या आत, म्हणजे सगळ्या ३ मध्ये, एपीआय (प्लगइननं वापरायची फंक्शन आणि क्लास) मोडत नाहीत. जुनं फंक्शन डेप्रिकेटेड म्हणून शिक्का मारतात, पण काढत नाहीत. म्हणजे ३.१६ वर लिहिलेला कोड ३.४० वर बहुतेक जसाच्या तसा चालतो. उलट दिशेनं मात्र काहीच खात्री नाही, ३.३० मध्ये आलेलं फंक्शन ३.१६ ला माहीतच नसतं. म्हणून रोजचं काम यादीतल्या सगळ्यात जुन्या व्हर्जनवर करा. थोडं जुनाट वाटेल, पण निम्मी डोकेदुखी इथेच संपते.

एपीआयच्या डॉक्युमेंटेशनमध्ये प्रत्येक फंक्शनखाली सिन्स म्हणून व्हर्जन दिलेलं असतं. नवीन काही वापरायच्या आधी ती ओळ वाचायची सवयच लावून घ्या. उदाहरणार्थ भूमितीचे आणि एककांचे बरेचसे एनम (ठराविक पर्यायांची नावं) ३.३० मध्ये मूळ क्लासमधून उचलून क्यूजीआयएस या क्लासखाली नेले, आणि फील्ड तयार करताना प्रकार सांगायचा तो ३.३८ पासून क्यूमेटाटाइपनं सांगायचा झाला, आधी क्यूव्हेरियंटनं सांगायचो. इंटरनेटवरचं नवं उदाहरण कॉपी केलं की हे नवे प्रकार नकळत तुमच्या कोडमध्ये येऊन बसतात आणि सर्व्हेवाल्याकडे जाऊन फुटतात.

दुसरा सापळा पायथनचा, आणि हा जास्त फसवा आहे. क्यूजीआयएस स्वतःचं पायथन बरोबर घेऊन येतं. ३.१६ च्या विंडोज इन्स्टॉलरमध्ये पायथन ३.७ होतं, ३.४० मध्ये ३.१२ आहे. म्हणजे वॉलरस ऑपरेटर (३.८ मध्ये आला) किंवा मॅच-केस (३.१० मध्ये आला) एका ठिकाणी जरी वापरलात तरी ३.१६ वर ती फाइल वाचतानाच सिंटॅक्स एरर येते आणि अख्खं प्लगइन लोड होत नाही. तिथे ट्राय-एक्सेप्ट लावूनही काही होत नाही कारण फाइल चालायला सुरुवातच झालेली नसते. उलट बाजूनं पायथन ३.१२ मधून डिस्टयुटिल्स आणि इम्प ही दोन जुनी मॉड्यूल काढून टाकली. व्हर्जनचे आकडे तुलना करायला कितीतरी प्लगइनवाले डिस्टयुटिल्समधलं लूजव्हर्जन वापरायचे, ती सगळी प्लगइन नव्या क्यूजीआयएसवर उघडताच पडली. रफ या कोड तपासणाऱ्या टूलमध्ये टार्गेट व्हर्जन पायथन ३.७ ठेवा आणि वर्मिन नावाचं छोटं टूल कोडवर फिरवा, तुमच्या कोडला कमीत कमी कुठलं पायथन लागतंय ते लगेच सांगतं.

पायथनच्या बाहेरच्या लायब्ररी शक्यतो घेऊच नका. शेपली, पांडाज वगैरे कुठल्या व्हर्जनबरोबर कुठलं येईल ते तुमच्या हातात नसतं आणि ऑफिसच्या मशीनवर पिप चालवायची परवानगीही नसते. भूमितीचं जे काही लागतं ते क्यूजीआयएसच्या स्वतःच्या जॉमेट्री क्लासमध्ये बहुतेक मिळतंच.

सगळे इफ एकाच फाइलमध्ये

व्हर्जनचे फरक हाताळायला कॉम्पॅट नावाची एक फाइल करा आणि कितीही घाई असली तरी दुसऱ्या कुठल्याही फाइलमध्ये व्हर्जनचा इफ लिहायचा नाही हा नियम पाळा. डायलॉगमध्ये एक इफ, टूलबारमध्ये दोन, एक्स्पोर्टमध्ये तीन असं पसरलं की पुढच्या वर्षी ३.१६ सोडून द्यायचं ठरवलंत तरी कुठलं काढायचं आणि कुठलं ठेवायचं ते कळत नाही. एका फाइलमध्ये असेल तर वरून खाली वाचत जायचं आणि नको ते पुसायचं, प्रत्येक तुकड्याच्या वर कुठल्या व्हर्जनसाठी आहे आणि कधी काढता येईल ते मराठीत कॉमेंट करून ठेवा.

आमच्या उदाहरणात कॉम्पॅटमध्ये तीनच गोष्टी लागतात. पॉलिगॉनचा प्रकार ओळखणं, दशांश आकड्याचा आणि मजकुराचा फील्ड तयार करून देणं, आणि क्यूअ‍ॅक्शन (मेनू-टूलबारच्या बटणामागचा क्लास) कुठून आणायचा ते. बाकी कोड फक्त "मजकुराचा फील्ड दे" एवढंच म्हणतो, आत क्यूमेटाटाइप गेलं का क्यूव्हेरियंट ते त्याला माहीत नसतं.

जमेल तिथे व्हर्जनचा आकडा न बघता ती गोष्ट आहे का नाही हे बघा. हा एनम या क्लासमध्ये आहे? असेल तर तो, नसेल तर जुना. आकडा बघावाच लागला (फील्डच्या बाबतीत लागतो, कारण क्यूमेटाटाइप हा क्लास जुन्यातही असतो, फक्त फील्ड तो घेत नाही) तर क्यूजीआयएस पूर्णांकात व्हर्जन देतं तेच घ्या, ३.१६.० म्हणजे ३१६००, ३.३८.० म्हणजे ३३८००. मजकूर म्हणून तुलना चुकूनही करू नका. "३.४" आणि "३.१६" हे मजकूर म्हणून ताडले तर ३.४ मोठं निघतं, कारण बिंदूनंतर चार हे एकापेक्षा मोठं, आणि हा बग चाचणीत सापडत नाही, नेमका कोणाच्या तरी ऑफिसात सापडतो.

आकडेमोड क्यूजीआयएसपासून लांब ठेवा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्लगइनचं खरं काम, ज्यासाठी लोक ते वापरतात, त्या कोडला क्यूजीआयएस नावाचं काही आहे हेच माहीत नसावं. क्षेत्रफळ किती चौरस मीटर ते क्यूजीआयएसकडून घ्यायचं आणि त्यापुढे सगळं साध्या पायथनमध्ये, एका वेगळ्या फाइलमध्ये, जिच्यात क्यूजीआयएसचा एकही इम्पोर्ट नाही.

का ते बघा. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, १०० आर म्हणजे एक हेक्टर, एक गुंठा १०८९ चौरस फूट म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर, आणि ४० गुंठ्यांचा एकर. आता गटाचं क्षेत्रफळ ४०४६.८६ चौरस मीटर आलं तर सातबाऱ्याच्या पद्धतीनं ०.४०.४७ व्हायला हवं, सोपं आहे. पण ४०९९.७ आलं तर? आधी हेक्टर वेगळे काढले, मग आर, मग उरलेले ९९.७ चौरस मीटर पूर्णांकात नेले की १०० होतात आणि स्क्रीनवर ०.४०.१०० असं दिसतं, जे कुठल्याही तलाठ्याला दाखवलं तरी तो कागद बाजूला ठेवेल. बरोबर उत्तर ०.४१.००. त्यासाठी आधी एकूण आकडा पूर्णांकात न्यायचा, ४१००, आणि मगच तुकडे करायचे. ही चूक शोधायला क्यूजीआयएस उघडायची गरजच नाही, साध्या पायथनवर दोन सेकंदात टेस्ट होते, आणि एकदा ती टेस्ट लिहिली की ३.१६ असो का ४, हा भाग कधी बिघडणार नाही. जेवढा कोड या बाजूला ढकलाल तेवढा व्हर्जनच्या भांडणातून सुटेल.

क्यूजीआयएसला चिकटलेला भाग मग फार थोडा उरतो, लेयर वाचणं, सीआरएस (डेटा कुठल्या निर्देशांक पद्धतीत आहे ते) बघणं, डायलॉग दाखवणं. त्यात सीआरएसकडे नीट लक्ष द्या, डेटा ईपीएसजी ४३२६ मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशात, असेल तर सरळ एरिया मागितल्यावर चौरस अंशात काहीतरी निरर्थक आकडा येतो. पुणे यूटीएमच्या ४३ उत्तर झोनमध्ये येतं, ईपीएसजी ३२६४३, त्यात बदलून मोजा नाहीतर डिस्टन्सएरिया क्लासला इलिप्सॉइड देऊन मोजा. वेगवेगळ्या व्हर्जनमध्ये आतली प्रॉज ही निर्देशांक बदलणारी लायब्ररीही वेगळी असते, त्यामुळे दशांशात किंचित फरक दिसू शकतो, टेस्टमध्ये शेवटच्या दशांशापर्यंत जुळवायचा हट्ट करू नका.

क्यूटी ६ ची तयारी

क्यूजीआयएस ४ क्यूटी ६ वर आहे. एपीआय फारसा हललेला नाही, पण खालचं क्यूटी बदलल्यामुळे प्लगइन पडतात. चांगली गोष्ट अशी की बहुतेक दुरुस्त्या अशा आहेत की त्या क्यूटी ५ वरही चालतात, म्हणजे दोन कोड ठेवायची गरज नाही.

पहिलं म्हणजे पायक्यूटी५ थेट इम्पोर्ट करणं बंद. क्यूजीआयएस डॉट पायक्यूटी म्हणून त्यांनी मधला थर दिलाय, तो ज्या मशीनवर जे असेल ते आणून देतो. पूर्ण कोडमध्ये पायक्यूटी५ हा शब्द शोधा, एकही सापडता कामा नये.

मग एनम. पायक्यूटी६ मध्ये एनम पूर्ण नावानं लिहावे लागतात, नुसतं क्यूटी डॉट अलाइनलेफ्ट चालत नाही, मध्ये अलाइनमेंटफ्लॅग लिहावं लागतं. पूर्ण नाव पायक्यूटी ५.११ पासून चालतं, त्यामुळे सगळीकडे पूर्ण नावच लिहून टाका. हाताने करत बसू नका, क्यूजीआयएसच्या सोर्स कोडबरोबर पायक्यूटी५ वरून ६ वर नेणारी स्क्रिप्ट मिळते, ती बरंचसं करते, उरलेलं डोळ्यांखालून घाला. डायलॉग उघडायला शेवटी अंडरस्कोअर असलेलं एक्झेक वापरलं असेल तर अंडरस्कोअर काढा. क्यूरेगएक्स्प गेलं, त्याजागी क्यूरेग्युलरएक्सप्रेशन, किंवा सरळ पायथनचं आरई वापरा. क्यूअ‍ॅक्शन विजेट्समधून जीयूआयमध्ये गेलाय, तो कॉम्पॅटमध्ये आधी एकीकडून आणि नाही मिळाला तर दुसरीकडून आणा.

रिसोर्स फाइलचं मात्र वेगळं सांगायला हवं. प्लगइन बिल्डरनं तयार केलेल्या जवळपास प्रत्येक जुन्या प्लगइनमध्ये रिसोर्सेस नावाची एक कंपाइल केलेली फाइल असते, पीवायआरसीसी५ नं बनवलेली, आणि तिच्या पहिल्या काही ओळींत पायक्यूटी५ चा थेट इम्पोर्ट असतो. पायक्यूटी६ मध्ये हे टूलच नाही. त्या फाइलमध्ये बहुतेक वेळा असतो काय तर टूलबारचा एक आयकॉन. फाइल टाकून द्या आणि आयकॉन प्लगइनच्या फोल्डरमधून पाथ देऊन सरळ लोड करा, ३.१६ पासून सगळीकडे चालतं.

एकाच मशीनवर सगळी व्हर्जन

विंडोजवर वेगवेगळ्या व्हर्जनचे इन्स्टॉलर वेगवेगळ्या फोल्डरमध्ये बसतात, त्यामुळे ३.१६, ३.३४, ३.४० शेजारी शेजारी ठेवता येतात. पण युझर प्रोफाइल सगळ्या ३ चं एकच असतं! अ‍ॅपडेटामध्ये क्यूजीआयएस३ नावाचं फोल्डर, त्यात डीफॉल्ट प्रोफाइल, आणि तिथेच प्लगइन आणि सेटिंग. म्हणजे ३.४० नं लिहिलेली सेटिंग ३.१६ वाचायला जातं आणि मग जो एरर येतो तो तुमच्या प्लगइनचा आहे का सेटिंगचा हेच कळत नाही. प्रत्येक व्हर्जनच्या शॉर्टकटमध्ये दोन डॅश प्रोफाइल आणि पुढे वेगळं नाव असं लिहा, मग ती एकमेकांत मिसळत नाहीत. कोड एकाच जागी ठेवा आणि क्यूजीआयएस_प्लगइनपाथ हा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल त्या फोल्डरकडे वळवा, प्रत्येक प्रोफाइलमध्ये कॉपी करत बसायला नको.

लिनक्सवर किंवा गिटहबच्या अ‍ॅक्शन्समध्ये क्यूजीआयएसच्या अधिकृत डॉकर इमेज घ्या आणि स्क्रीन नसताना चालायला क्यूटीचा प्लॅटफॉर्म ऑफस्क्रीन ठेवा. प्रत्येक पुशला सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात नव्यावर टेस्ट चालली तरी पुष्कळ. फक्त एक ध्यानात असू द्या, डॉकरमधलं पायथन त्या लिनक्सचं असतं, विंडोजच्या इन्स्टॉलरमधलं नसतं, त्यामुळे पायथन ३.७ ची भानगड तिथे सापडेलच असं नाही आणि रिलीजच्या आधी एकदा खऱ्या विंडोजवर हाताने बघावंच लागतं.

हाताने बघताना आपल्याकडचा खरा डेटा कसा असतो तसा घ्या. फोल्डरचं नाव देवनागरीत आणि मध्ये स्पेस, "गट नकाशे मुळशी" असं काहीतरी. शेतकऱ्यांची नावं देवनागरीत. एक शेपफाइल आणि एक जिओपॅकेज. शेपफाइलमध्ये कॉलमच्या नावाला दहा बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे तीन चिन्हांत नाव संपतं, "क्षेत्रफळ" नावाचा कॉलम तिथे टिकत नाही. म्हणून शेपफाइलला कॉलमचं नाव रोमन लिपीत छोटं ठेवा आणि मराठी नाव एलियासमध्ये (फक्त दाखवायच्या नावात) द्या. प्लगइन बंद करून परत चालू करून बघा, टूलबारवर जुनं बटण राहतं का ते, अनलोड नीट लिहिलेलं नसलं की दोन दोन बटणं दिसतात. आणि टेस्टचा डेटा प्लगइनबरोबरच छोटा, स्वतः काढलेला ठेवा, महापालिकेच्या हद्दीवर टेस्ट बेतू नका, २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये अजून २३, दरवेळी तुमच्या टेस्टनं का म्हणून पडायचं?

रिलीज करताना

मेटाडेटा फाइलमध्ये किमान व्हर्जन असतं ते सगळे लिहितात, कमाल मात्र सोडून देतात. ते लिहिलं नाही तर किमानाच्या मुख्य आकड्यापुढे .९९ धरलं जातं, म्हणजे किमान ३.१६ असेल तर कमाल आपोआप ३.९९, आणि क्यूजीआयएस ४ वाल्याला तुमचं प्लगइन यादीत दिसतच नाही. ४ वर खरंच तपासून झालं की कमाल ४.९९ लिहा, त्याच्या आधी नको. पहिल्यांदा एक्सपेरिमेंटल म्हणून सोडा, ज्यांनी ती खूण केलीय त्यांनाच दिसतं, आठ-पंधरा दिवस वापरू द्या आणि मग खूण काढा.

प्लगइन सुरू होताना लॉगमध्ये एक ओळ लिहा, प्लगइनचं व्हर्जन, क्यूजीआयएसचं, क्यूटीचं, पायथनचं, आणि डायलॉगमध्ये "माहिती कॉपी करा" असं एक बटण द्या. चालत नाही असा फोन आला की ते बटण दाबून पेस्ट करून पाठवा म्हणायचं. समोरच्या माणसाला कामाच्या वेळी मेनू शोधायला लावण्यापेक्षा हे बरं, आणि तुमचाही अर्धा तास वाचतो.

पुष्कळ ऑफिसात इंटरनेट नसतं, तिथे पेनड्राइव्हवरून झिप जाते. ती झिप गिटहबच्या डाउनलोड बटणावरून देऊ नका, तिच्यात फोल्डरच्या नावापुढे ब्रँचचं नाव चिकटलेलं असतं आणि क्यूजीआयएस ते वेगळंच प्लगइन समजून जुन्याच्या शेजारी बसवतं. झिप स्वतः बनवा, आतलं फोल्डर कायम त्याच नावाचं, आणि झिपच्या नावात मात्र प्लगइनचं व्हर्जन आणि कुठून कुठपर्यंत चालतं ते लिहा, पेनड्राइव्हवर तीन झिप असल्या की तेवढाच आधार असतो.

कधीतरी ३.१६ सोडावंच लागेल. तेव्हा आधीच्या रिलीजच्या चेंजलॉगमध्ये तसं मराठीत लिहून सांगा, ज्यांचे फोटो आले होते त्यांना मेसेज करा, ३.१६ साठीच्या माहीत असलेल्या सगळ्या दुरुस्त्या घालून एक शेवटचं रिलीज करा आणि त्याला गिटमध्ये टॅग लावा. मग नव्या रिलीजमध्ये किमान व्हर्जन वाढवा आणि कॉम्पॅटमधला तो भाग पुसा. क्यूजीआयएसच्या प्लगइन साइटवरचं जुनं रिलीज मात्र काढू नका. प्रत्येक क्यूजीआयएस आपल्या व्हर्जनला बसेल तेच तिथून मागतं, त्यामुळे ३.१६ वाल्याला ते शेवटचं रिलीज पुढेही मिळत राहतं.